चियांग माईचा विजय आणि पाठीराख्यांची आठवण

थायलंडमधील चियांग माई येथे ५ जुलै २०२५ रोजी भारताच्या महिला फुटबॉल संघाने यजमान थायलंडला २-१ असे हरवले आणि २०२६ च्या महिला आशियाई चषक स्पर्धेतील आपली जागा निश्चित केली, त्या दिवशी देशातील क्रीडारसिकांचे लक्ष मात्र इंग्लंडमधील एजबॅस्टनच्या मैदानाकडे लागले होते, कारण पहिल्या डावात २६९ धावा काढणाऱ्या शुभमन गिलने त्याच दिवशी दुसऱ्या डावातही १६१ धावा केल्या होत्या आणि कसोटी विजय हाताच्या अंतरावर आला होता. मुंबईत त्याच दिवशी ठाकरे बंधू अनेक वर्षांनी एका व्यासपीठावर आले होते, आणि दुसरा दिवस आषाढी एकादशीचा असल्याने मराठी घरांचे चित्त पंढरपूरकडे होते. अशा गर्दीत एका महिला फुटबॉल संघाच्या विजयाला जी जागा मिळायची तीच मिळाली. तरीही ज्यांनी तो सामना पाहिला किंवा त्याचा निकाल उशिरा का होईना वाचला, त्यांच्या प्रतिक्रियांत आनंदाइतकेच आश्चर्यही होते, आणि या लेखाचा विषय मुख्यतः ते आश्चर्य आहे. आपल्या देशाचा संघ जिंकला याचा आनंद होणे स्वाभाविक आहे, पण तो जिंकू शकतो याचेच नवल वाटावे, ही गोष्ट संघापेक्षा त्याच्या पाठीराख्यांविषयी अधिक सांगते.

पात्रता फेरी म्हणजे मुख्य स्पर्धेत कोणी खेळायचे हे ठरवणारी प्राथमिक फेरी होय. महिला आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत बारा संघ असतात. त्यांपैकी यजमान ऑस्ट्रेलिया आणि मागील स्पर्धेतील पहिले तीन संघ, म्हणजे चीन, दक्षिण कोरिया व जपान, यांना थेट प्रवेश होता, आणि उरलेल्या आठ जागांसाठी आठ गटांत सामने झाले. प्रत्येक गटातून केवळ अव्वल संघ पुढे जाणार होता, दुसऱ्या क्रमांकाला काहीही मिळणार नव्हते. भारताच्या गटात थायलंड, मंगोलिया, पूर्व तिमोर आणि इराक हे संघ होते व गटाचे सगळे सामने चियांग माई येथेच खेळवले गेले. भारताने मंगोलियाला १३-०, पूर्व तिमोरला ४-० आणि इराकला ५-० असे नमवले. मंगोलियाविरुद्ध ओडिशाच्या प्यारी खाखाने एकटीने पाच गोल केले. तिकडे थायलंडनेही आपले तिन्ही सामने एकही गोल न स्वीकारता जिंकले, आणि योगायोग असा की शेवटच्या सामन्यापूर्वी दोन्ही संघांचे गुण समान होते, केलेले गोल प्रत्येकी २२ होते आणि दोघांवरही एकही गोल झालेला नव्हता. समान गुण असलेल्या संघांत सरस कोण हे ठरवण्यासाठी फुटबॉलमध्ये सहसा गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून स्वीकारलेले गोल वजा केल्यावर उरणारी संख्या, पाहिली जाते. येथे तोही मापदंड निरुपयोगी ठरला होता आणि सगळा निर्णय अखेरच्या नव्वद मिनिटांवर येऊन ठेपला होता.

कागदावर थायलंडचे पारडे जड होते. जागतिक क्रमवारीत थायलंड ४६ व्या आणि भारत ७० व्या स्थानावर होता, थायलंडचा संघ २०१५ व २०१९ अशा दोन विश्वचषकांत खेळलेला होता, आणि मैदान व प्रेक्षक त्यांचे होते. क्रिस्पिन छेत्री यांच्या मार्गदर्शनाखालील भारतीय संघासाठी २९ व्या मिनिटाला बंगालमधील कल्याणीच्या संगीता बासफोरने पहिला गोल केला. मध्यंतरानंतर खेळ सुरू होऊन दोनच मिनिटे झाली होती तोच, म्हणजे ४७ व्या मिनिटाला, छत्चवान रोडथोंगने थायलंडला बरोबरी साधून दिली. त्यानंतरची सत्तावीस मिनिटे सामना कोणत्याही बाजूला झुकू शकत होता, आणि अखेर ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीतानेच दुसरा गोल केला. सशस्त्र सीमा बलाच्या संघातून खेळलेल्या या मधल्या फळीतील खेळाडूचे नाव त्या दिवसापर्यंत फुटबॉलच्या नित्याच्या प्रेक्षकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. दुसऱ्या गोलनंतर उरलेली सोळा मिनिटे आणि दुखापतींमुळे वाया गेलेला वेळ भरून काढण्यासाठी पंच वाढवून देतात ती मिनिटे भारताने निभावून नेली, आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषक गाठण्याची ही भारतीय महिलांची पहिलीच वेळ ठरली. त्यापूर्वी २००३ मध्ये भारत या स्पर्धेत खेळला होता, आणि २०२२ मध्ये यजमान म्हणून त्याला प्रवेश होता.

फुटबॉलमधील ताण हा इतर खेळांतील ताणाहून वेगळ्या जातीचा असतो, हे येथे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूगणिक धावफलक हलतो, त्यामुळे आशा आणि भीती यांचे हिशेब लहानलहान हप्त्यांत चुकते होतात. फुटबॉलमध्ये मात्र अर्धा अर्धा तास फलक जागचा हलत नाही आणि मग एका क्षणात सगळे पालटते. गोल दुर्मीळ असल्याने एका गोलचे मोल अवाढव्य होते आणि म्हणूनच एका गोलची आघाडी ही पाठीराख्याच्या दृष्टीने सर्वांत छळणारी अवस्था असते, कारण ती आघाडी कोणत्याही क्षणी जाऊ शकते आणि तिच्या रक्षणासाठी पाहणाऱ्याला काहीही करता येत नाही. त्या अवस्थेत माणसे घड्याळाकडे पाहत राहतात, चेंडू आपल्या गोलपासून जितका दूर जाईल तितके बरे वाटते, आणि आपल्या खेळाडूने चेंडू सीमारेषेबाहेर फटकावला तरी टाळ्या वाजतात. हा ताण अनुभवण्यासाठी मात्र एक पूर्वअट असते: काय पणाला लागले आहे हे पाहणाऱ्याला आधीपासून माहीत असावे लागते. ज्याला गटातील स्थिती ठाऊक नाही, मागच्या वेळी काय झाले ते आठवत नाही आणि मैदानावरील अकरा जणींपैकी एकीचेही नाव सांगता येत नाही, त्याच्या दृष्टीने ७४ वे मिनिट हे इतर कोणत्याही मिनिटासारखेच असते. उत्कंठा सामन्यात असते असे म्हटले जाते, पण ती बऱ्याच अंशी पाहणाऱ्याच्या स्मरणात असते.

या विजयावर उमटलेल्या प्रतिक्रियांत पुरुष संघाशी तुलना वारंवार आली, आणि तिला तत्कालीन परिस्थितीच कारण होती. १० जून २०२५ रोजी पुरुष संघ आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यात हाँगकाँगकडून ०-१ असा हरला होता. २ जुलै रोजी प्रशिक्षक मानोलो मार्केझ आणि राष्ट्रीय संघ यांची फारकत झाली. हे मार्केझ गोव्यातील फुटबॉलप्रेमींना चांगले परिचित होते, कारण ते त्याच काळात एफसी गोवा संघाचेही प्रशिक्षक होते आणि त्यांच्याच काळात, मे २०२५ मध्ये, त्या संघाने सुपर कप जिंकला होता. पुढे ११ जुलै रोजी इंडियन सुपर लीग ही पुरुषांची प्रमुख लीगही अनिश्चित काळासाठी स्थगित ठेवण्यात आल्याचे जाहीर झाले. म्हणजे पुरुषांच्या फुटबॉलवर सगळीकडून मळभ दाटले असताना महिलांचा विजय आला, आणि त्यामुळे अनेकांनी त्याचा उपयोग पुरुषांना टोमणा मारण्यासाठी केला. या तुलनेत महिलांचे कौतुक असले तरी ते उसने कौतुक होते. दुसऱ्याच्या अपयशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसणारे यश त्या अपयशाची चर्चा संपली की विसरले जाते. संगीताच्या दोन गोलांना पुरुष संघाच्या पराभवाची जोड देण्याची काहीही गरज नव्हती, ते स्वतःच्या बळावर लक्षात राहण्याजोगे होते.

भारतीय महिला फुटबॉलच्या बाबतीत विसरणे ही किरकोळ गोष्ट नाही, तो या खेळाच्या इतिहासाचा गाभाच आहे. महिलांच्या फुटबॉलसाठी १९७५ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही सुरू झाली. १९८० मध्ये कालिकत येथे झालेल्या महिला आशियाई चषक स्पर्धेत भारत उपविजेता होता, पुढच्या वर्षी तिसरा आला, आणि १९८३ मध्ये तो पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. तो सामना बँकॉकमध्ये झाला, प्रतिस्पर्धी थायलंडच होता आणि भारत हरला. चियांग माईच्या विजयाला बेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या पराभवाची पार्श्वभूमी होती, पण ती ठाऊक असलेले प्रेक्षक अत्यंत थोडे होते. थायलंडमध्ये थायलंडशी पडलेली ती जुनी गाठ पाठीराख्यांच्या सामूहिक स्मरणात असती, तर ५ जुलैच्या सामन्याची चर्चा कितीतरी आधी सुरू झाली असती. नव्वदच्या दशकाच्या आरंभी महिलांचे फुटबॉल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अखत्यारीत आले. त्यातून अधिकृत मान्यता मिळाली, पण आधीच्या पंधरा वर्षांच्या नोंदी, छायाचित्रे आणि नावे यांचा वारसा नव्या व्यवस्थेने आपला म्हणून जपला असे म्हणता येत नाही. पुढे एक काळ असा आला की २००९ च्या सुमारास, प्रदीर्घ काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे, भारतीय महिला संघाचे नाव जागतिक क्रमवारीतूनच वगळले गेले. ज्या संघाचे सामनेच होत नाहीत त्याचे पाठीराखे कसे टिकावेत, हा प्रश्न त्या काळात विचारलाही गेला नाही, कारण विचारणारे पाठीराखेच उरले नव्हते.

प्रेक्षक आपोआप नाहीसे होत नाहीत, त्यांना नाहीसे केले जाते, याचे सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांनी संघ उभे केले आणि २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक, केर लेडीज या संघाचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० लोक आले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना योग्य नसल्याचे ठरवून आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांच्या सामन्यांसाठी बंद केली, आणि ती बंदी जवळजवळ अर्धे शतक टिकली. त्या पन्नास वर्षांत जन्मलेल्या इंग्रज माणसाला महिला फुटबॉल पाहायला लोक येत नाहीत हे निसर्गनियमासारखे वाटत असे, कारण ५३,००० लोक आले होते ही गोष्टच त्याला कोणी सांगितलेली नव्हती. वेम्ब्लीवर २०२२ च्या महिलांच्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्याला ८७,१९२ प्रेक्षक आले, तेव्हा त्याचे वर्णन नव्या युगाचा आरंभ असे झाले. खरे तर तो एका तोडलेल्या परंपरेचा सांधा पुन्हा जुळण्याचा क्षण होता.

भारतातही अशी एक तुटलेली कडी अगदी अलीकडची आणि महाराष्ट्रातली आहे. २०२२ चा महिला आशियाई चषक नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे झाला. भारताने २० जानेवारी रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणविरुद्ध गोलशून्य बरोबरी साधली, आणि तीन दिवसांनी चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्याच्या वेळी संघातील इतक्या खेळाडूंना करोनाची लागण झाली होती की किमान आवश्यक तेवढ्याही खेळाडू उपलब्ध नव्हत्या. नियमानुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचे धरले गेले आणि त्याचा खेळलेला सामनाही रद्दबातल ठरला. घरच्या मैदानावर होणारी, आयुष्यात एकदाच मिळावी अशी संधी त्या मुलींच्या हातून त्यांची काहीही चूक नसताना गेली, आणि नोंदवहीत त्या स्पर्धेतील भारताचा एकही सामना उरला नाही. याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला क्रिकेट संघाने भरगच्च प्रेक्षकांसमोर दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्रीचा जल्लोष न्याय्यच होता. पण त्या मैदानावर जवळजवळ चार वर्षे आधी दुसऱ्या एका भारतीय महिला संघावर काय प्रसंग ओढवला होता, याची आठवण त्या वेळी कोणी काढली असती तर चियांग माईच्या विजयाचे खरे वजन अधिक लोकांच्या ध्यानात आले असते.

गोव्यात, आणि विशेषतः पेडणे व डिचोली या उत्तरेकडील तालुक्यांत, हा प्रश्न आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. गोव्याची ओळख फुटबॉलची भूमी अशी आहे आणि हा खेळ येथे आला तो पेडणे तालुक्याच्या अगदी उंबरठ्यावर: १८८३ मध्ये विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रींनी बार्देशातील शिवोली येथे तो आणला असे गोव्याच्या क्रीडा इतिहासात सांगितले जाते, आणि शिवोलीच्या समोर, शापोरा नदीच्या पलीकडच्या तीरावर, पेडणे तालुक्यातील चोपडे आहे. तरीही नदीचे ते पात्र ओलांडायला खेळाला बराच काळ लागला. पोर्तुगिजांच्या ताब्यात आधीपासून असलेले बार्देश, तिसवाडी, सासष्टी व मुरगाव हे तालुके म्हणजे जुन्या काबिजादी, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे गेलेले पेडणे, डिचोली, सत्तरी इत्यादी भाग म्हणजे नव्या काबिजादी. जुन्या काबिजादींत चर्चला जोडलेल्या शाळा आणि चर्चसमोरचे मैदान यांनी फुटबॉलला घर मिळवून दिले. नव्या काबिजादींत देवळाचा मांड (गावाने जमण्याची परंपरागत जागा), दशावतार, भजन आणि मराठी शाळा यांभोवती सार्वजनिक जीवन फिरत राहिले. पुढे येथेही फुटबॉल रुजला, गावोगाव स्पर्धा होऊ लागल्या, पण मोठे क्लब, मोठी मैदाने आणि खेळाची वार्ता ठेवणारी मंडळी दक्षिणेकडेच राहिली.

महिलांच्या बाबतीत हे अंतर दुप्पट झाले. पेडणे, डिचोली आणि सत्तरी भागांत स्त्रियांना एकत्र येऊन मोकळेपणाने वावरण्याची हक्काची सार्वजनिक जागा परंपरेने दिलेलीच आहे: पौष महिन्यात रात्री मांडावर धालो हे स्त्रियांचे गाण्या-नाचाचे खेळ खेळले जातात, फुगड्या घातल्या जातात, आणि त्या वेळी गावातील पुरुष बाजूला राहतात. शारीरिक दम, सामूहिक लय आणि एकमेकींशी चढाओढ या तिन्ही गोष्टी त्या खेळांत आहेत, म्हणून उत्तर गोव्यातील मुलींना मैदानी खेळाची मुळातच गोडी नाही हे म्हणणे निराधार आहे. कमतरता आहे ती मांडावरून मैदानापर्यंतच्या वाटेची. फुटबॉलचे मैदान हे संध्याकाळी मुलांचे असते हा अलिखित नियम जिथे मोडला गेला, शाळेच्या क्रीडाशिक्षकाने किंवा शिक्षिकेने मुलींसाठी आठवड्यातले काही दिवस राखून ठेवले, तिथे मुली खेळल्या. जिथे तसे झाले नाही तिथे त्या कडेला उभ्या राहिल्या आणि काही काळाने तिथेही येईनाशा झाल्या.

धारगळ हे गाव या संदर्भात विचारात घेण्यासारखे आहे, कारण गेल्या काही वर्षांत एवढे पालटलेले गाव पेडणे तालुक्यात दुसरे क्वचितच सापडेल. मुंबई-गोवा महामार्ग येथून जातो, मोपाचा विमानतळ जवळ आहे, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी त्या विमानतळाबरोबरच धारगळच्या आयुर्वेद संस्थेचेही उद्घाटन झाले. क्रीडानगरीसाठी येथील जमीन घेण्याचा विषयही बऱ्याच वर्षांपूर्वीपासून चर्चेत आहे. परंतु आंतरराष्ट्रीय सामना पाहायचा तर धारगळच्या माणसाला म्हापसा आणि पणजी ओलांडून मडगावच्या फातोर्डा मैदानापर्यंत साठेक किलोमीटर जावे लागते, आणि सामना रात्री संपत असल्याने परतीच्या बसचा भरवसा नसतो. स्वतःची दुचाकी असलेल्या तरुणाची यातून सोय होते, बारावीत शिकणाऱ्या मुलीची किंवा तिच्या आईची होत नाही. पाठीराखे म्हणजे आवड असलेले लोक असे सरधोपटपणे धरले जाते, पण आवडीच्या आधी पोहोच यावी लागते, आणि स्त्री-प्रेक्षकांच्या बाबतीत ती पोहोच बसच्या वेळापत्रकावर, स्वच्छतागृहांवर आणि मैदानाबाहेरच्या दिव्यांवर अवलंबून असते. या गोष्टी क्षुल्लक वाटतात म्हणूनच त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात.

त्या दिवशी मैदानात उतरलेल्या अकरा जणींत गोव्याची एकही नव्हती. मणिपूर, बंगाल, ओडिशा, हरियाणा, पंजाब अशा राज्यांतून हा संघ उभा राहिला होता. पण गोव्याला या परंपरेत स्थानच नाही असे समजणे चुकीचे ठरेल. सत्तरच्या दशकात भारतीय संघातून खेळलेल्या आणि पुढे चित्रकार म्हणून ओळखल्या गेलेल्या योलांडा डिसोझा गोव्याच्या होत्या. भारताकडून खेळून नंतर आंतरराष्ट्रीय पंच झालेल्या मारिया रेबेलोही गोव्याच्याच. खाण उद्योगातील सेसा गोवा कंपनीने, जिचा डिचोली तालुक्याशी घनिष्ठ संबंध आहे, उभारलेल्या सेसा फुटबॉल अकादमीच्या महिला संघाने २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवून इंडियन विमेन्स लीग या देशातील महिलांच्या अव्वल लीगमध्ये प्रवेश केला. चियांग माईच्या सामन्याच्या तुलनेत ही बातमी छोटी होती, पण उत्तर गोव्यातील मुलींच्या दृष्टीने ती अधिक उपयोगाची होती, कारण राष्ट्रीय संघाचा सामना वर्षातून काही वेळा होतो, तर लीग महिनोन्‌महिने चालते आणि नाव, चेहरा, क्रमांक, सवयी अशा सगळ्या तपशिलांसह खेळाडू ओळखीची होते. पाठीराख्यांची आठवण तयार होते ती याच नित्यपरिचयातून.

या लीगचाच इतिहास त्या दृष्टीने बोलका आहे. २०१६-१७ च्या हंगामात ती सुरू झाली तेव्हापासून बरीच वर्षे सगळे संघ एका ठिकाणी जमून काही आठवड्यांत सामने उरकत असत, त्यामुळे कोणत्याही संघाला आपले गाव आणि आपले प्रेक्षक असे काही नव्हतेच. २०२३-२४ मध्ये प्रत्येक संघाने एक सामना स्वतःच्या आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळायचा ही पद्धत अवलंबली गेली. त्याच सुमारास लीगमधील क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत असा निर्णय महासंघाने घेतला. महिन्याला सत्तावीस हजारांच्या आसपास जाणारी ही रक्कम देशाच्या अव्वल लीगमधील खेळाडूसाठी तुटपुंजीच म्हटली पाहिजे, तरीही ती ठरावीक असल्याने घरच्यांना सांगता येते, आणि शिक्षण किंवा लग्न यांच्या दडपणाला उत्तर म्हणून एखाद्या मुलीला निदान ती रक्कम पुढे करता येते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेला आता राजमाता जिजाबाई यांचे नाव आहे, त्याचाही मराठी वाचकाला अभिमान वाटावा. मात्र त्या स्पर्धेचे निकाल किती मराठी वृत्तपत्रांत खेळाडूंच्या नावांसह छापून येतात, हे त्या अभिमानासोबत विचारायला हवे.

गोव्याच्या नावावर एक दुःखद नोंदही आहे आणि ती गाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या लीगसाठी गोव्यात आलेल्या हिमाचल प्रदेशच्या एका संघातील दोन खेळाडूंनी महासंघाच्या कार्यकारिणीतील एका सदस्याने आपल्याला मारहाण केल्याची तक्रार केली, पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि त्याला अटकही झाली. आपल्या मुलीला खेळण्यासाठी परगावी पाठवावे की नाही या विचारात असलेल्या आईवडिलांवर अशा एका बातमीचा परिणाम दहा विजयांच्या बातम्यांहून खोल होतो. विजयाच्या दिवशी अभिनंदन करणे सोपे असते. त्या तक्रारीच्या दिवशी किती पाठीराखे त्या दोघींच्या बाजूने बोलले, यावरून पाठीराखेपणाचे मोजमाप अधिक खरे होते.

चियांग माईच्या विजयानंतर तीन महिन्यांनी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, भारताचा पुरुष संघ फातोर्डा येथे सिंगापूरशी खेळला. सुरुवातीला आघाडी घेऊनही तो १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकात पात्र ठरण्याची त्याची संधी संपली. गोव्याच्या प्रेक्षकांनी पात्रतेच्या सामन्यातील ताण आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या मैदानावर, त्याच्या सर्वांत कटू रूपात अनुभवला तो असा. याच प्रेक्षकांनी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने याच फातोर्डावर पाहिले होते, त्यांपैकी कोलंबिया व नायजेरिया यांच्यातील सामना पेनल्टींपर्यंत, म्हणजे बरोबरी न फुटल्यास दोन्ही संघांनी आळीपाळीने गोलरक्षकासमोर थेट फटके मारण्यापर्यंत, ताणला गेला होता. म्हणजे मुलींच्या सामन्याचा थरार गोव्याच्या मैदानाला अपरिचित नाही. भारतीय महिलांचा निर्णायक सामना मात्र त्या मैदानाने अजून पाहिलेला नाही.

त्यानंतरच्या घडामोडी पाहता चियांग माईचा विजय योगायोग नव्हता हे स्पष्ट होते. १० ऑगस्ट २०२५ रोजी वीस वर्षांखालील मुलींच्या संघाने यांगून येथे म्यानमारला १-० असे हरवून आपल्या वयोगटाचा आशियाई चषक वीस वर्षांनी गाठला, आणि ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील संघाने बिश्केक येथे उझबेकिस्तानवर २-१ असा विजय मिळवून तेच केले. ज्येष्ठ संघाच्या वाट्याला मार्च २०२६ च्या ऑस्ट्रेलियातील स्पर्धेसाठी जपान, व्हिएतनाम आणि चिनी तैपेई यांचा गट आला. त्यांतील जपान २०११ चा विश्वविजेता, आणि चिनी तैपेई तोच प्रतिस्पर्धी ज्याच्याविरुद्ध २०२२ मध्ये नवी मुंबईत भारताला संघच उतरवता आला नव्हता. ही स्पर्धा २०२७ च्या ब्राझीलमधील विश्वचषकाची पात्रता स्पर्धाही होती, आणि आशियातील सहा संघांना तेथे थेट व आणखी दोघांना आंतरखंडीय फेरीतून जाण्याची संधी होती. पेडण्यातील किंवा डिचोलीतील एखाद्या शाळेला हा सगळा तपशील मुलींपर्यंत पोहोचवायचा असेल, तर गटाचा तक्ता फळ्यावर लिहून ठेवणे, सामन्याची वेळ आणि संगीता बासफोर, प्यारी खाखा, मनीषा कल्याण, ग्रेस डांगमेई ही संघातील खेळाडूंची नावे त्याखाली मांडणे, आणि म्हापशाच्या दुलेर मैदानावर सेसा अकादमीच्या मुलींचा दुपारचा सामना असेल त्या दिवशी एक बस ठरवणे, एवढ्याला फार मोठा खर्च येत नाही.